बाबांचा ५०० सी/एम: डिजिटल बॅक घ्यावी, की आधी लेन्स?

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. बाबांचा साताऱ्यात राजवाड्याजवळ स्टुडिओ होता. लग्नं सगळी याशिका मॅटवर व्हायची, पण एक हॅसलब्लाड ५०० सी/एम हा फिल्म कॅमेरा त्यांनी हौसेनं सेकंडहँड घेतला होता. तो फक्त ‘आपल्या कामाला’ बाहेर निघायचा. आपलं काम म्हणजे अजिंक्यतारा, मेणवलीचा घाट आणि लिंबची बारा मोटांची विहीर. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीत कपाट आवरताना पेटी उघडली. बॉडी, वरून वाकून बघायचा फाइंडर, ८० ची प्लॅनार आणि १५० ची सोनार या दोन लेन्स, दोन फिल्म मॅगझिन. चावी फिरवली, बटण दाबलं आणि तो आवाज आला. धप्प. लहानपणी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना ऐकलेला तोच आवाज.

तर प्रश्न असा. माझी दोन कामं चालू आहेत. एक म्हणजे मिरजेचे सतारमेकर. दोन वर्षं जातेय तिकडे, सध्या साध्या फुल फ्रेम (३५ मिमी मापाच्या) डिजिटल कॅमेऱ्यावर काढते. दुसरं काम लिंबची विहीर आणि आपल्या भागातल्या इतर जुन्या विहिरी. दोन्हींचं मोठ्या प्रिंटचं प्रदर्शन करायचंय. हाताशी तीन लाखांच्या आसपास रक्कम आहे. या कॅमेऱ्यावर वापरलेली डिजिटल बॅक (फिल्म मॅगझिनच्या जागी बसणारा सेन्सरचा डबा) लावावी, की आधी लेन्स घ्याव्यात? की हे सगळं ठेवून सरळ फुजीचा मोठ्या सेन्सरचा जीएफएक्स कॅमेरा घ्यावा? खरं सांगते, बाबांचा कॅमेरा वापरायचाच आहे. पण नुसत्या मायेपोटी चुकीच्या ठिकाणी पैसे घालायचे नाहीत.

चारभिंती

ताई, आधी पेटीचा फोटो टाका. बाकीचं नंतर बोलू.

कृष्णाकाठ

फोटो येईपर्यंत मी सुरू करतो. आधी सेन्सरचं माप डोक्यात पक्कं करा, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतील. तुमच्या फिल्मची चौकट ५६ बाय ५६ मिमी. आज ज्या ५० आणि १०० मेगापिक्सेलच्या हॅसलब्लाड बॅक मिळतात, त्यांचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमी. जीएफएक्सचा पण तेवढाच. म्हणजे तुमच्या लेन्सच्या चित्राचा मधला भागच उरतो. फिल्मवर ८० ची लेन्स छोट्या फुल फ्रेमच्या ४४ सारखी बघते, बॅक लावली की ६३ सारखी. १५० होते साधारण ११८. पोर्ट्रेटला मजा आहे.

आणि विहिरीला? विहिरीत उभं राहून ६३ नं काय दिसणार, समोरच्या भिंतीचे चार दगड. म्हणजे बॅक घेतलीत की पाठोपाठ वाइड लेन्स आलीच. हे एकत्र मोजा.

तासगावची_द्राक्षं

मी जीएफएक्स ५०आर वापरते, बेदाण्याच्या आणि द्राक्षाच्या पेट्यांच्या कामाला. ताई, कामाचं बोलायचं तर तोच घ्या. बॉडी पाऊण किलोच्या आसपास, आरशाचा धक्का नाही, स्क्रीनवर मोठं करून फोकस बघता येतो. हॅसलब्लाडच्या व्ही मालिकेच्या (५०० सी/एम त्यातलाच) लेन्सचा माउंटपासून फिल्मपर्यंतचा पल्ला ७४.९ मिमी आणि जीएफएक्सचा २६.७, त्यामुळे मधे अडॅप्टर आरामात बसतो. बाबांच्या दोन्ही लेन्स चालतील.

पण एक गोष्ट कोणी आधी सांगितली नाही म्हणून माझं एक वर्ष कटकटीचं गेलं. अडॅप्टर लावला की लेन्समधलं शटर कामाचं राहत नाही, कॅमेऱ्याचं पडद्याचं शटर चालतं. त्याचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅश चालेल असा सर्वांत जास्त शटर वेग, १/१२५. दुपारी बारा वाजता बागेत घडाला फ्लॅश मारायचा तर मागचं आभाळ पांढरंफटक होतं. ५०० सी/एम वर लेन्समधलंच शटर असतं, त्यामुळे १/५०० पर्यंत फ्लॅश चालतो. पूर्ण दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). शेवटी मी फिल्टर लावून भागवते.

हरिपूरकर

तासगावकर ताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. जोडून थोडं लांबण लावतो, वयाचा अधिकार समजा.

मी सांगलीत चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. माझ्याकडे मामिया आरबी६७ होता, तीन किलोच्या घरात जाणारं धूड. पोरं त्याला ‘जातं’ म्हणायची. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझ्या कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत आलं. सहा दिवसांनी दार उघडलं तर सगळीकडे गाळ. दोन डिजिटल बॉडी गेल्या त्या गेल्याच. आरबीचं भातं कुजलं होतं, पण त्या कॅमेऱ्याला बॅटरीच लागत नाही, आत सगळी दातेरी चाकं. उघडून धुतला, वाळवला, भातं नवं बसवलं. आजही चालतो. लेन्सपैकी एक वाचली. दुसरीच्या काचांच्या मधे गाळाचं पाणी सुकलं होतं, ते निघालं नाही.

हे का सांगतोय? लेकी, तुझ्या बाबांची पेटी किती वर्षं बंद होती? चामड्याच्या केसमध्ये होती का? चामडं ओल धरतं आणि त्यात बुरशीला घर मिळतं. साताऱ्याचा पाऊस काय तुला सांगायला नको. बॅक आणि जीएफएक्स नंतर. आधी लेन्सला मागून टॉर्च मार, अ‍ॅपर्चर पूर्ण उघड आणि तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

यवतेश्वर_घाट

काका, तुमचं वाचून लगेच उठले. ८० स्वच्छ आहे. १५० मध्ये कडेला दोन बारीक धागे दिसतात, मधे नाहीत. आणि हो, चामड्याच्याच केसमध्ये होत्या.

हरिपूरकर

कडेला असेल तर घाबरू नकोस, पण आजच केसमधून बाहेर काढ. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र. ४५ ते ५० टक्क्यांवर ठेव. जेलचा रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापर. आणि ती १५० दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नकोस.

सज्जनगड_पायथा

तव्यावर गरम केलेलं जेल आमच्या आईनं खडीसाखर समजून डब्यात भरलं होतं. डब्यावर नाव लिहा मंडळी.

पुण्यातला_वाईकर

बॅक घ्यायची असेल तर माझा अनुभव वाचाच. मीही ५०० मालिकेवरच आहे. एका विक्रेत्याकडून २२ मेगापिक्सेलची जुनी बॅक फोटो बघून घेतली. ‘मीडियम फॉरमॅटला बसते’ एवढंच विचारलं, तो हो म्हणाला. घरी आली तर माउंट मामिया ६४५ ऑटोफोकसचा! हॅसलब्लाडच्या जुन्या व्ही बॉडीचा माउंट वेगळा, एच मालिकेचा वेगळा, मामियाचा वेगळा, कॉन्टॅक्सचा वेगळा. बहुतेक बॅकचा माउंट कारखान्यातूनच ठरून येतो, लेन्सच्या अडॅप्टरसारखी रिंग लावून भागत नाही. बॅक परत जायला पाच महिने लागले आणि पैसे पूर्ण मिळाले नाहीत.

तेव्हा हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: माउंट कुठला, किती फोटो काढून झालेत, बॅटरी आजही मिळते का. शिवाय बऱ्याच जुन्या बॅकना लेन्सच्या सिंक सॉकेटमधून केबल द्यावी लागते, ती सोबत आहे का? केबल हरवली तर ती बॅक म्हणजे पेपरवेट. हॅसलब्लाडच्या स्वतःच्या सीएफव्ही बॅकना ५०० सी/एम वर केबल लागत नाही, तो मोठा आराम. जुन्या बॅक कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड मागतात आणि फायरवायरनं जोडल्या जातात. आताच्या लॅपटॉपला ते भोकच नाही.

चारभिंती

पण जुन्या सीसीडी सेन्सरच्या बॅकचा रंग! त्वचेचा जो टोन येतो तो आताच्या सीमॉस सेन्सरला जमत नाही. मी तर डोळे झाकून सीसीडी म्हणेन.

कृष्णाकाठ

डोळे झाकून म्हणूनच पटत नाही राव. रंगाचा मोठा भाग सेन्सरवरच्या फिल्टरमधून आणि सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलमधून येतो. सीसीडी छान आहेच, पण कुठे? कमी आयएसओवर, भरपूर उजेडात, ट्रायपॉडवर. सतारमेकरचं दुकान बघितलंय का कधी? एक दार, एक खिडकी आणि आत लाकडाचा भुसा. तिथे आयएसओ ८०० लागणार. त्या वयाच्या सीसीडीवर ८०० म्हणजे नुसती वाळू. वर स्क्रीनवर फोकस तपासायची सोय नाही, लाइव्ह व्ह्यू नीट चालत नाही.

चारभिंती

ती अडचण मान्य. रंगाचं मान्य नाही. भेटू तेव्हा दोन प्रिंट शेजारी ठेवून दाखवतो.

मिरज_जंक्शन

ताई, तुम्ही आमच्या गल्लीत येताय दोन वर्षं आणि आम्हाला पत्ता नाही! मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून फोटोवाले येतात. पण बहुतेक जण भोपळ्यांची रांग काढून निघून जातात. दोन वर्षं कोणी येत नाही. जवारी लावतानाचा, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवतानाचा, फोटो मिळाला का?

यवतेश्वर_घाट

तोच तर पाहिजे आहे! आजोबा घोडीवर कानस दोनदा ओढतात, तार छेडतात, कान खाली नेतात, परत कानस. अर्धा अर्धा तास. हाताच्या शिरा, घोडीवरची बारीक पांढरी पूड आणि तारेची सावली हे सगळं एका चौकटीत हवंय. त्यासाठीच १२० ची मॅक्रो (अगदी जवळून काढायची) प्लॅनार बघत होते.

हरिपूरकर

पेटीत एखादी रिकामी धातूची कडी आहे का बघ, काच नसलेली. त्यावर १०, २१ किंवा ५५ असा आकडा असेल.

यवतेश्वर_घाट

काका!! २१ ची आहे. मला वाटलं कसलंतरी झाकण हरवलंय.

हरिपूरकर

ती एक्स्टेन्शन ट्यूब, जवळून फोटो काढायला बॉडी आणि लेन्सच्या मधे लावायची. हिशोब सोपा आहे. ८० च्या लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून मागे २१ ची ट्यूब लावलीस तर सेन्सरवरचं चित्र वस्तूच्या २१ भागिले ८०, म्हणजे पावपटीहून थोडं जास्त. ४४ मिमी सेन्सरवर साडेसहा इंच रुंदीचा भाग चौकटीत बसतो. हात आणि घोडी, बरोबर तेवढंच. पण उजेड साधारण दोन तृतीयांश स्टॉप कमी होतो, आणि या कॅमेऱ्यात उजेड मोजायचा मीटर नाही, त्यामुळे तो तुलाच वाढवायचा आहे. मॅक्रो लेन्सचे पैसे वाचले का नाही?

आणि ट्यूब असो की लेन्स, लावताना-काढताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही चावी भरलेल्या पाहिजेत. एक भरलेला, एक सुटलेला असला की अडकतं आणि मग लांब स्क्रू ड्रायव्हर घालून दांडा फिरवावा लागतो. लेन्स काढताना ‘आधी चावी’ असं बाबा म्हणायचे का?

यवतेश्वर_घाट

म्हणायचे. प्रत्येक वेळी. मला ते मंत्रासारखं वाटायचं, कारण माहीत नव्हतं.

पुण्यातला_वाईकर

नव्या वस्तूंबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जानेवारी २०२४ मध्ये ९०७एक्स सोबत सीएफव्ही १००सी आली, १०० मेगापिक्सेल, अमेरिकेत ८,१९९ डॉलर. ताईंच्या बजेटमध्ये नाही. पण तिच्या आधीची ५० मेगापिक्सेलची सीएफव्ही २ वापरलेली मिळू शकते, आणि ती १९५७ पासूनच्या बहुतेक सगळ्या व्ही बॉडींवर बसते. सोबत ९०७एक्सची पातळ बॉडी आली तर हॅसलब्लाडच्या नवीन एक्ससीडी मालिकेच्या वाइड लेन्सही लावता येतात. एक बॅक, दोन कॅमेरे.

१०० च्या नादाला लागू नका हे पण म्हणेन. ५० मध्ये ८२७२ बाय ६२०० पिक्सेल मिळतात, ३०० डीपीआयला साडेसत्तावीस बाय साडेवीस इंच. भिंतीला पुरे. १०० चा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, त्यामुळे एफ ११ च्या पुढे बंद केलं की डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं) मऊपणा दिसायला लागतो. जुन्या प्लॅनारचं खरं तेज एफ ५.६ ते ८ ला आहे.

माणदेशी_माणूस

भावांनो, मी शेळ्या पाळतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. पण हा धागा कालपासून वाचतोय. चावी भरल्याशिवाय लेन्स काढायची नाही हे आता मला पण पाठ झालं.

चारभिंती

स्वागत आहे दादा. शेळ्यांचे फोटो टाका.

यवतेश्वर_घाट

बारा दिवसांनी येतेय. पुण्याहून सीएफव्ही २ काही दिवसांसाठी भाड्यानं आणली होती. जे झालं ते सविस्तर लिहिते.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवर तपासणी. ट्रायपॉडवर कॅमेरा, समोर पेपरचं पान तिरकं ठेवलं आणि एका बातमीच्या मथळ्यावर पेनानं रेघ मारली. प्लॅनार पूर्ण उघडा, एफ २.८. फाइंडरच्या काचेवर बघून रेघेवर फोकस केला, फोटो काढला, स्क्रीनवर मोठा केला. रेघ मऊ, आणि तिच्या मागच्या तिसऱ्या ओळीतली जाहिरात कडक. सहा वेळा काढला, सहाही वेळा तेच. माझं धाबंच दणाणलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात एका जुन्या मेकॅनिककडे नेला. त्यांनी आरसा वर करून दाखवला: मागच्या फोमचा काळा चिकट लगदा झाला होता, बोटाला लागत होता. आरसा त्यामुळे किंचित खाली बसत होता. त्यांनी फोम बदलला, काच परत बसवली. आता रेघ ती रेघच.

फिल्मवर हे कदाचित कधी कळलंच नसतं. बाबांचे शेवटच्या वर्षांतले काही फोटो हलल्यासारखे वाटतात आणि ते म्हणायचे, ‘हात थरथरतो गं आता.’ काल रात्री ते निगेटिव्ह काढून बघितले. मागचं गवत कडक आहे. बाबांचा हात नव्हता तो. फोम होता.

हरिपूरकर

लेकी, हे तू फार चांगलं केलंस.

मिरज_जंक्शन

🙏 पुढे? मिरजेत काय झालं?

यवतेश्वर_घाट

मिरजेत तिसऱ्या दिवशी सकाळी. सेन्सर चौकोनी नाही, आडवा आहे, म्हणून पारदर्शक शीटवर ४४ बाय ३३ ची चौकट काढून फोकसच्या काचेवर ठेवली होती. नाहीतर वरून बघताना चौकोनात सगळं सुंदर दिसतं आणि फाइलमध्ये डोकी कापलेली. २१ ची ट्यूब, ८० ची लेन्स, एफ ८, खिडकीचा उजेड. आजोबांची कानस, पूड, आणि तारेची सावली घोडीवरून खाली उतरलेली. मिळाला फोटो. मोठा केला तेव्हा कानशीच्या दात्यात अडकलेली पूड दिसली. आजोबांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, ‘अजून एक हात पाहिजे इथं,’ आणि परत घासायला बसले. त्यांना फोटोत जवारीतली खोट दिसली!

अडचण उभ्या फोटोला आली. तंबोरा उभा, कारागीर उभा. कॅमेरा आडवा पाडला की वरून बघायचा फाइंडर बाजूला जातो आणि चित्र उलटं. मान मोडली. चौकोनी फिल्मवर हा प्रश्नच येत नाही, चौकोन कुठूनही चौकोन.

कृष्णाकाठ

त्याला डोळ्याला लावून बघायचा प्रिझम फाइंडर लागतो, ४५ किंवा ९० अंशाचा. नाहीतर सीएफव्हीची पहिली १६ मेगापिक्सेलची बॅक, तिचा सेन्सर चौकोनी आहे. पण ३०० डीपीआयला प्रिंट साडेतेरा इंचाचीच.

आणि विहिरीचं काय ठरलं? तिथूनच आपण सुरुवात केली होती.

यवतेश्वर_घाट

विहिरीत बॅक घेऊन गेले होते. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात तसंच झालं, चार दगड. आत उतरताना पायऱ्यांवर अंधार, वर आभाळ, मधे शरभाचं शिल्प. ६३ च्या कोनात यातलं एकच काहीतरी बसतं.

म्हणून असं ठरवलंय. बॅक आत्ता विकत घेत नाही. मिरजेच्या कामाला वर्षातून दोनदा, चार-चार दिवस भाड्यानं आणेन, ट्यूब आणि ८० आहेच. पैशातून वापरलेली ५० ची डिस्टॅगॉन सीएफ ही वाइड लेन्स घेते, आणि विहिरी सगळ्या फिल्मवर. फिल्मच्या पूर्ण चौकोनात ५० म्हणजे २७ सारखी, म्हणजे आतला महाल आणि वरची कड दोन्ही येतं. २४०० डीपीआयला स्कॅन केलं तरी २८ मेगापिक्सेल होतात. उरलेल्यातून १५० ची सफाई आणि एक ४५ अंशाचा प्रिझम.

तासगावची_द्राक्षं

जीएफएक्सवाली म्हणून सांगते, बरोबर केलंत. भाड्याची बॅक आणाल तेव्हा एक दिवस आमच्या बागेत पण या, तो १/५०० चा फ्लॅश मला एकदा बघायचाय.

चारभिंती

डिस्टॅगॉन आली की लिंबला मी येणार. रोल कुठला?

यवतेश्वर_घाट

एचपी५, काळी-पांढरी फिल्म. दोन रोल, म्हणजे चोवीस फोटो. लेन्स परवा हातात आली, टॉर्चनं तपासली, स्वच्छ आहे. रविवारी सकाळी साडेसातला विहिरीवर. उजेड आत उतरायच्या आधी ट्रायपॉड लागला पाहिजे.

हरिपूरकर

मी सांगलीहून पहिल्या गाडीनं येतो. स्पॉट मीटर माझा आणतो, त्या पायऱ्यांना तो लागेल. आणि भडंग. पेढे तुमच्याकडे लागले.